पिकअप क्रमांक दोन

३ एप्रिल, गुरुवार. सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. नियम तीन. शुद्ध लिहायचे. खाडाखोड करायची नाही. कोणाबद्दल वाईट लिहायचे नाही, राजेश्वरबद्दलसुद्धा.

काल मठात आमच्या भजनी मंडळाचा सराव होता. मी स्वतः बनवलेला पिकअप पहिल्यांदाच नेला. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसते ती कॉइल. तारेची थरथर पकडते आणि वायरने अँपला पाठवते. जुन्या स्टार्टरची बारीक तार, सहा लोहचुंबक, ५२०० फेरे, सगळे मी काम करतो त्या मोटार दुरुस्तीच्या दुकानातल्या हाताच्या मशीनवर मोजून. वर काळी टेप. आवाज कोणी ऐकलाच नाही, सगळे बघतच बसले. कल्याणराव मामा मंडळाचे अध्यक्ष. ते म्हणाले, हे शेळीचं खूर कशाला चिकटवलंस बाबा.
निष्कर्ष : आवाजात दोष नाही. रूपात आहे.

६ एप्रिल, रविवार
राजेश्वर आला होता. तो माझा मावसभाऊ, पाथरीला मोबाइलचे दुकान आहे, गिटार ऑनलाइन मागवलेली आहे. तिच्यावर चंदेरी पिकअप. आरशासारखा. तोंड दिसते त्यात. त्याचे तोंड.
म्हणाला, माझ्यातली कॉइल गेली, तुझा तो टेपवाला रिकामा असंल तर दे. मी लगेच काढून दिला. मन मोठे ठेवावे. सुटे भाग लागत असतील त्याला.

९ एप्रिल, बुधवार
सराव. राजेश्वरची गिटार फार गोड वाजली. फार. ढोलकीवाला हात थांबवून ऐकत बसला. महेश्वरी (मामांची मुलगी, मुख्य गायिका) म्हणाली, राजू, आज काय लय मधाळ वाजायलंय. राजेश्वर माझ्याकडे बघून म्हणाला, सगळी नागेशची कृपा हाय.
चार माणसांत असा टोमणा मारायची गरज नव्हती. पाणी प्यायला गेलो आणि तिथेच थांबलो.
गिटारवर चंदेरी पिकअप तसाच चमकत होता. म्हणजे दुरुस्त करून घेतला असणार. पैसे असले की होते.

१० एप्रिल, गुरुवार
मामांनी जाहीर केले : तीस तारखेला बसव जयंतीच्या कार्यक्रमात दोघेही बसा, पण सुरुवातीचा तुकडा एकच जण वाजवील. कोण, ते सत्तावीसला ठरेल.
तो तुकडा मी बसवलेला आहे. तो मीच वाजवणार.
संकल्प : पिकअप क्रमांक दोन. आवाज पहिल्यासारखाच. रूप असे की राजेश्वरचा बघायला कोणी मान वळवणार नाही.
मला हेवा वाटत नाही, हे इथे लिहून ठेवतो.

१५ एप्रिल, मंगळवार. दुपार
पाणी खाली गेले की बोअरच्या मोटारी जळतात. दुकानात चौदा मोटारी पडल्या आहेत. तरी क्रमांक दोनची कॉइल गुंडाळून झाली. आश्रुबा काका (मालक) म्हणाले, गिऱ्हाईक दारात बसलंय अन् तू खेळणं गुंडाळायलास. मी म्हणालो, जेवणाच्या सुट्टीत करतोय. ते म्हणाले, तुझं जेवण सकाळी दहापासून चालू हाय.
दुरुस्त मोटारीला आम्ही हिरवा रंग मारून देतो. आतली कॉइल कोणाला दिसते, माणूस रंग बघतो, हे काकांचेच शिक्षण. क्रमांक दोनला तोच रंग मारला. दोन हात.

१६ एप्रिल, बुधवार
महेश्वरीने विचारले, कुणाच्या बोअरची मोटार हाय ही. सगळे हसले. राजेश्वर हसला नाही. तो मुद्दाम हसला नाही, हे मला कळते.
रंग अजून ओला होता. तारा हिरव्या झाल्या, बोटे हिरवी झाली. मामांनी त्याच हाताने प्रसाद घेऊ दिला नाही.

१९ एप्रिल, शनिवार
हिरवा रंग चूक होता, असे नाही. लोकांची तयारी नव्हती.
नवा विचार. राजेश्वरचे कव्हर म्हणजे प्लास्टिकवर मुलामा. नखाने वाजवून बघितले, टकटक वाजते. आपण अस्सल लोखंडी पत्रा लावू. आईचा तुपाचा पत्र्याचा डबा कापला. मापे तीनदा घेतली. लोहचुंबकावर ठेवताच कव्हर टचकन जाऊन बसले, ओढून निघेना. स्क्रूचीसुद्धा गरज नाही. राजेश्वरच्या कव्हरला चार स्क्रू लागतात.
तूप पातेल्यात काढून ठेवले आहे. आईला सांगायचे आहे.

२१ एप्रिल, सोमवार
पत्र्याला ब्रासो लावला, पाहिजे तशी झळाळी नाही. देवघरातली विभूती ओल्या फडक्यावर घेऊन घासली. आरसा झाला. आईने पाहिले. म्हणाली, कपाळाची विभूती पत्र्याला, आन् तूप मुंग्यांला. गिटार वाजवायलास का घर मोडायलास. दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. पण चमक पाहून तीही क्षणभर थांबली होती. कदाचित मुंग्या बघत असेल.

२३ एप्रिल, बुधवार
सराव. क्रमांक दोनकडे सगळ्यांनी पाहिले. मामांनी चष्मा काढून, पुसून, परत पाहिले. ट्यूबलाइट त्यात सरळ रेषेत दिसते.
आवाज सौम्य आहे. अगदी सौम्य. अँप पूर्ण वाढवला तेव्हा पेटीवाल्याला जाणवला. पण अँपची गुणगुण पूर्ण बंद झाली, हा फायदा कोणी लक्षात घेत नाही. राजेश्वरने मात्र नाक खुपसलेच. म्हणाला, लोखंड काढून बघ की, पत्र्यानं आवाज दाबायलाय.
अर्थातच. काढून बघ म्हणे. म्हणजे त्याचाच चमकेल.

२७ एप्रिल, रविवार. रात्री ९
निकाल लागला. तुकडा मी वाजवणार.
मामांचा कल राजेश्वरकडे होता. पण तोच म्हणाला, मामा, तुकडा नागेशनं बसवलाय, त्यालाच वाजवू द्या. एवढा चांगुलपणा कोण दाखवतो. काहीतरी आहे. घरी येऊन पाऊण तास विचार केला, काय ते सापडले नाही. म्हणून जास्त काळजी वाटते.

२८ एप्रिल, सोमवार
कव्हरचा डावा कोपरा उजव्यापेक्षा अर्धा मिलिमीटर वर आहे. मला सोडून कोणाला दिसणार नाही. पण मला दिसतो.
कव्हर निघेना म्हणून जागेवरच कानशीचे तीन हात मारले. मग उजवा कोपरा वर वाटू लागला. त्याला चार. मग डाव्याला सहा.

दुपारी ४
एक अडचण. लोखंडाचा सगळा कीस लोहचुंबकांनी ओढून घेतला. क्रमांक दोनला दाढी आली आहे. फुंकर मारली की दाढी हलते, जात नाही. ब्रशने विंचरली जाते फक्त. काका बघून म्हणाले, दोन दिवस थांब, मिश्याबी येतील.

२९ एप्रिल, मंगळवार
उपाय सापडला. कणकेचा गोळा. दाबायचा आणि झटकन ओढायचा, कीस कणकेत येतो. फटीतला काढायला गोळा आत दाबून जोरात ओढला. अकरा वेळा. दाढी गेली. शेवटच्या गोळ्याबरोबर तांबूस केसासारखे काहीतरी आले. बहुतेक आईचा मेंदीचा केस.
काका म्हणाले, मीटर लावून बघ, कॉइल चालू हाय का. मी म्हणालो, काका, याला हात लावायचा नाही आता, पुसून झालेय. ते म्हणाले, नवरदेव हाय का तो.
रुमालात गुंडाळून ठेवला आहे. उद्या.

३० एप्रिल, बुधवार. रात्री
घडले तसे लिहितो.
मठासमोर मांडव. साडेसातला मामांनी खूण केली. मी तुकडा सुरू केला. एकही चूक केली नाही. आवाज आला नाही.
मिक्सरवाल्याकडे पाहिले. तो बटणे वरखाली करून माझ्याकडे बघत होता. त्याला कोणी सांगून ठेवले असेल का, असा विचार करत मी वाजवत राहिलो. दोन ओळी गेल्यावर राजेश्वरने तोच तुकडा उचलला. लोक डोलू लागले. मीही वाजवत होतो. दोन तास वाजवले.
मध्ये राजेश्वरने माइक घेतला. म्हणाला, हा जो आवाज तुमी ऐकायलात ना, तो आमच्या नागेशचा हाय. टाळ्या झाल्या. मुक्या माणसाची अशी चेष्टा शत्रूही करत नाही. मी गिटार ठेवली आणि मठाच्या मागे जाऊन उभा राहिलो. महाप्रसाद घेतला नाही. हुग्गी (गव्हाची खीर) होती.
मामा शोधत आले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, आज लय बरं वाजवलंस नागेश, कुठंच आडवं आलं न्हाई. असंच वाजवत जा.
आठ वर्षांत मामांनी केलेले हे पहिले कौतुक.

१ मे, गुरुवार
सकाळी राजेश्वर दुकानात आला. डब्यातून हुग्गी आणली होती. विचारत होता, मी नाव घेतलं अन् तू उठून का गेलास. मी त्याला जे सांगायचे ते सांगितले. महिनाभराचे सगळे. वहीत नियम असल्याने इथे लिहीत नाही.
मग त्याने काकांचा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि त्याच्या गिटारच्या चंदेरी कव्हरचे चार स्क्रू काढले. आत काळी टेप. टेपवर पांढऱ्या पेनने, शुद्ध अक्षरात : क्र. १. फेरे ५२००. नागेश.
अक्षर माझे होते. मात्रासुद्धा बरोबर होत्या.
म्हणाला, नऊ तारखेपासून सगळ्यांला सांगायलोय, ही नागेशची कृपा. तुला काय वाटलं.
मी म्हणालो, मला तेच वाटले.
काकांनी मधेच क्रमांक दोनला मीटर लावला. काटा हलला नाही. म्हणाले, तार तुटलीय, ही मोटार गेली.
म्हणजे महिनाभर ज्या आवाजाने माझी झोप उडवली तो माझाच होता. दिवसभर हे वाक्य मनात म्हणून पाहिले. आनंद व्हायला पाहिजे. थोडा झाला. मग वाटले, माझा एवढा चांगला आवाज महिनाभर त्याच्याकडे होता.

४ मे, रविवार. सकाळी ७.४०
काल राजेश्वरला म्हणालो, क्रमांक एक परत दे. त्याने जागेवरच काढून हातात ठेवला. फक्त म्हणाला, जसा हाय तसाच लाव नागेश, कसाबी दिसू दे. अकरा तारखेला पाथरीत कार्यक्रम आहे. मामांनी सुरुवातीचा तुकडा परत मला दिला. या वेळी आवाज येऊ दे, एवढीच अट.
क्रमांक एक समोर टेबलावर आहे. यापुढे रूपाच्या मागे लागायचे नाही, हा संकल्प. तसा वाजवून पाहिला. फार गोड वाजतो. महेश्वरी मधाळ म्हणाली होती ते बरोबर होते.
फक्त टेप एका बाजूने सुटली आहे. आणि डावीकडचा एक लोहचुंबक इतरांपेक्षा अर्धा मिलिमीटर वर आहे. कोणाला दिसणार नाही.
कानशीचा एकच हात मारणार आहे, हलका. कणकेचा गोळा आईकडून आधीच मागून ठेवला आहे.