सुयशच्या नावाची चावी

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
शुक्रवार, ९ जानेवारी २०२६

प्रिय सुयश,
सप्रेम जय भीम.

आम्ही इथं सगळे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तू आणि काकू खुशाल असाल. काकूंच्या गुडघ्याचं काय झालं? यंदा थंडी जरा जास्तच आहे, त्यांना भल्या सकाळी अंगणात बसू देऊ नकोस. मेघाचं शाळेत शिकवणं चालू आहे. पिल्लूचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळं ती कुणाला फोटो काढू देत नाही.

हातानं पत्र लिहून पंधरा वर्षं झाली असतील. अक्षर बघून हसशील. पण करू काय? फोनवर तू मला ब्लॉक केलंस, ते बरोबरच केलंस. ऑफिसच्या मेलवरून काही पाठवायची सोय उरली नाही. मंगळवारपासून बाहेरची तपासणीवाली माणसं येऊन बसलीत, कोण कुणाला काय लिहितं ते सगळं वाचतात. कागद तेवढा अजून कुणी वाचत नाही.

हे पत्र काकूंना वाचून दाखव. त्यांनाही कळावं म्हणून तुला पाठ असलेल्या गोष्टी मी सोप्या करून लिहिणार आहे, कंटाळू नकोस.

तुझी सरकारी नोकरीत निवड झाल्याचं रामकिसनमामांनी सांगितलं. आपले शिपाई तुझ्याच गल्लीतले, त्यांना सांगितल्याशिवाय राहवतंय होय! चहाचा ट्रे माझ्या टेबलावर तसाच ठेवून म्हणाले, "पोरानं चितेगावचं नाव काढलं, साहेब. आता पोलिसांचा चांगल्या वागणुकीचा दाखला तेवढा आला की झालं." मला खरंच आनंद झाला रे. मग मी उठून बाथरूममध्ये जाऊन दहा मिनिटं कडी लावून बसलो.

त्याचं कारण सांगायलाच हे पत्र.

काकू, आमची कंपनी दवाखान्यांसाठी पहारेकरी बनवते. खरा माणूस नाही, सॉफ्टवेअर. दवाखान्याचे कागद, रिपोर्ट, सगळं आता दूर कुठंतरी भाड्याच्या कॉम्प्युटरांवर असतं. डॉक्टरनं काय उघडायचं, नर्सनं काय, बिलं करणाऱ्या मुलीनं काय, हे आमचा पहारेकरी ठरवतो. प्रत्येकाला एक चावी. चावी म्हणजे अक्षरांची नि आकड्यांची लांब ओळ, पण ज्याच्या हाती ती लागेल त्याला पहारेकरी सलाम ठोकतो.

गेल्या रविवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी सुयशच्या नावाची चावी लावून आत शिरलं. आत आल्यावर त्यानं सगळ्यात मोठ्या साहेबाचा अधिकार मागितला आणि आमच्या पहारेकऱ्यानं तो देऊन टाकला. पावणेतीन तास तो माणूस तीन दवाखान्यांच्या पेशंटांचे रिपोर्ट उघडून बघत होता. मी तेव्हा शेंद्र्याला सासुरवाडीत हुरडा खात होतो. पाच वाजता राजनंदिनी मॅडमचा फोन आला. आपल्या मालकीणबाई कधी ओरडत नाहीत, तुला माहीत आहे. त्या दिवशीही ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "अतुल, निघा." हातातलं कणीस तसंच राहिलं.

तू सप्टेंबरात गेलास आणि जानेवारीत तुझी चावी चालते कशी, हे मला तपासणीवाल्या बाईंना समजावून सांगावं लागलं. सुयश, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. आपली रीत तुला ठाऊक आहे. माणूस सोडून जाणार असला की शेवटच्या दिवशी चार वाजता शाल, नारळ, मॅडमचं भाषण, कचोरी. हार गळ्यात घालून तो सगळ्यांचे हात हातात घेत फिरू लागला की मी गुपचूप त्याच्या जागेवर बसायचं आणि त्याचं खातं बंद करायचं. त्याआधी नाही. माणूस अजून समोर आहे आणि त्याच्या तोंडावर दार लावायचं, हे आपल्याकडं कुणाला बरं वाटत नव्हतं. वहीत लिहिलेलं काही नाही, नारळ दिला की समजायचं.

तू भर दुपारी बॅग उचलून गेलास. मामांनी नारळ आणला होता, तू म्हणालास, "मामा, फोडून चटणी करा," आणि जिना उतरलास. नारळ दिला गेला नाही, म्हणून खातं बंद झालं नाही.

त्या बाईंनी मला हे तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी लिहून घेतलं. कुणी हसलं नाही.

मग आम्ही सगळी जुनी नावं काढली. नारळ न मिळालेली त्रेचाळीस माणसं अजून आत आहेत! त्यांत आपले सर्जेराव सर होते. कोरोनात गेले ते. त्यांना कुठली शाल नि कुठला नारळ? पाच वर्षं त्यांची चावी चालू होती. ती बंद करताना माझं बोट बटणावर अडखळलं.

चार दिवस मी पहारेकरी दुरुस्त करतोय. तू भर मीटिंगमध्ये दाखवलेली तीच खोट. लहान चावीवाल्यानं मोठा अधिकार मागितला तर आपला पहारेकरी फक्त नाव चाव्यांच्या यादीत आहे का ते बघतो, त्या माणसाला तो अधिकार आहे का, तो अजून नोकरीत आहे का, हे विचारत नाही. तू म्हणाला होतास, दोन आठवडे द्या, मी करतो. मी म्हणालो, दिवाळीआधीचा डेमो झाल्यावर. तू ऐकेनास तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "चितेगावच्या पोरानं आता पहारा शिकवायचा व्हय आम्हाला?" सगळे हसले. तू नाही हसलास. चार दिवसांत दुरुस्ती झाली, तीही तुझं जुनं टिपण समोर ठेवून.

आता सोमवारचं. मॅडमनी सगळ्यांना बसवून विचारलं, "ही चावी कुणाची?" मी म्हणालो, "सुयशची." त्या म्हणाल्या, "रागानं गेला होता ना तो?" मी काहीच बोललो नाही.

एवढंच झालं. मी एक शब्द खोटा बोललो नाही. पण तेव्हापासून ऑफिसात सगळे तुझंच नाव घेतात. मागच्या नोंदींत ऑक्टोबरपासून दर शनिवारी तुझी चावी लागलेली दिसते, त्यामुळं त्यांना वाटतं की तू तीन महिने तयारी करत होतास. शनिवारच्या नोंदी ऑफिसमधल्याच आहेत, म्हणून आतलं कुणीतरी तुला सामील असावं असाही एक अंदाज आहे. पोलिसांत द्यायची तक्रार टाइप होऊन तयार आहे. संशयित म्हणून तुझं नाव आहे, खाली चितेगावचा पत्ता. येत्या सोमवारी अकरा वाजता मॅडम ती घेऊन जाणार आहेत. ती दाखल झाली की तुझ्या दाखल्याचं काय होईल हे मी तुला सांगायला नको.

मला फार भीती वाटते सुयश. रोज गाडीवरून हर्सूल जेलच्या भिंतीलगत जातो, इतकी वर्षं गेलो, ती भिंत कधी दिसली नव्हती. आता ती संपता संपत नाही. सकाळी कोपऱ्यावर पोलिसांची जीप चहासाठी थांबली आणि माझ्या हातातून दुधाची पिशवी सुटली. फोन वाजला की मी आधी मेघाकडं बघतो.

आता थांबतो. हात कापतोय.

शनिवार, सकाळ

काल थांबलो ते हात कापत होता म्हणून नाही. पुढचं लिहायचं नव्हतं म्हणून.

शनिवारच्या त्या नोंदी माझ्या आहेत.

तू गेल्यावर मॅडमनी तुझं बोलणं मनावर घेतलं आणि ऑक्टोबरात सगळ्यांचे अधिकार कमी केले. माझेही. दर शनिवारचा अहवाल काढायला मला त्यांची परवानगी मागायला लागायची. सात वर्षं काम केलेल्या माणसानं परवानगी मागायची! तुझं नाव कामावरच्यांच्या यादीत नव्हतं, म्हणून तुझ्या चावीचे अधिकार कुणी कमी केले नव्हते. ती चालू आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नारळाचं मी त्या बाईंना सांगितलं ते खरं आहे, पण अर्धं. मी ती बंद केली नाही, कारण ती मला लागत होती.

डिसेंबरात मी अहवाल काढणारा माझा प्रोग्रॅम घरी बसून सुधारता यावा म्हणून इंटरनेटवर एका जागी ठेवला. 'खासगी' अशी खूण करायची असते, ती केली नाही. प्रोग्रॅमच्या पोटात तुझी चावी होती. अठरा दिवस ते पान अख्ख्या जगाला उघडं होतं. अशी पानं दिवसभर हुंगत फिरणारे लोक असतात, हे मीच नव्या मुलांना शिकवतो. रविवारी आत शिरला तो त्यातलाच कुणीतरी. तो कोण ते मला माहीत नाही, पण दार मी उघडं टाकलं.

मंगळवारी मला ते पान सापडलं. मी ते पुसून टाकलं. दुरुस्ती म्हणून नाही रे, पुरावा राहू नये म्हणून. पुसायच्या आधी छापून मात्र घेतलं, का ते माझं मलाच कळलं नाही.

काकू, तुमचा मुलगा यात कुठंच नाही. तुमच्या घरी मी कितीदा जेवलोय. सोमवारी त्या खोलीत बसून मी तुमच्या मुलाचं नाव घेतलं आणि गप्प राहिलो. माफी मागायलाही तोंड नाही.

काल संध्याकाळी मेघाला सगळं सांगितलं. तिनं निवडत असलेली भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "कागदावर लिहा." मी जबाब लिहिला, सही केली. तिनं कपाटातून शाळेच्या शिक्क्याचं पॅड आणलं आणि माझ्यापुढं ठेवलं. "अंगठा पण द्या. तुम्ही फिराल."

ती मला ओळखते. मंगळवारी मी मॅडमच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो आणि चहा सांगू का विचारून परत आलो. बुधवारीही तेच. परवा, सोमवारी, दहा वाजता मी आत जाऊन सगळं सांगणार आहे, पण माझी मला खात्री नाही आणि तूही धरू नकोस. म्हणून सोबत दोन पानं पाठवतोय. एक माझा जबाब. दुसरं त्या पानाची छापील प्रत, वर माझं नाव आहे आणि १९ डिसेंबर ही तारीख. मी सगळं सांगितल्याचा रामकिसनमामांचा फोन तुला सोमवारी साडेदहापर्यंत आला नाही, तर तू थांबू नकोस. सरळ ऑफिसात ये आणि ही पानं मॅडमच्या टेबलावर ठेव. मी समोर असेन. मी काही बोलायला लागलो, रडायला लागलो, पिल्लूचं नाव घेतलं, तरी ऐकू नकोस. हे माझं नाही असंही मी म्हणेन कदाचित. म्हणू दे.

आज अर्धा दिवस. ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून शेवटचं हे लिहितोय आणि मामा पिशवी खांद्याला लावून समोर उभे आहेत. दोनदा म्हणाले, "साहेब, द्या की आता. पैठणची गाडी जाईल माझी." तुझ्या घरी पोचवायला हे पाकीट त्यांच्या हातात गेलं की मला परत मागता येणार नाही. मागितलं तरी देऊ नका, असं त्यांना सांगून ठेवलंय.

"नाय देत," म्हणाले. का म्हणून विचारलंसुद्धा नाही.

तुझ्या नावाआड लपलेला,
अतुल रामभाऊ साळवे
(पूर्ण नाव लिहिलंय. सही बँकेत करतो तीच आहे. अंगठा डाव्या हाताचा. ताडून घे.)