न वाजवलेल्या ट्रम्पेटचा वारस

ज्या पेनाने हे मृत्युपत्र लिहीत आहे त्याचे टोपण आठवडाभर बेपत्ता असून, या घरात न्याय उरला नसल्याचा हा ढळढळीत पुरावा होय. संशय मेहुण्यावर आहे. एरवी मी, पेशाने वार्ताहर, पूर्ण शुद्धीत आहे. दबाव कुणाचा नाही, बायकोचा आहे तो नेहमीचाच.

१. घर बायकोला. बचतही तिलाच, ती कुठे ठेवलेली असते हे मला आजवर कळलेले नाही.

२. संस्कृत शब्दकोश वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यास. त्याने मला वेळोवेळी बहाल केलेली विशेषणे त्यात सापडतात का, ते पाहावे.

३. आता मुख्य इस्टेट, म्हणजे ट्रम्पेट. मुलीच्या शाळेत संगीतवर्ग सुरू करा म्हटले, तर मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "संगीताला पैसे नाहीत हो. घंटा वाजते, तेवढं संगीत पुरे." मी तत्काळ ट्रम्पेट आणून गॅलरीत सराव आरंभला. दंतवैद्य धावत खाली आला.

"अहो वार्ताहर, पेशंट खुर्चीतून उठून पळतायत! न वाजवायचे किती घ्याल?"

"मला छदाम नको. शाळेच्या संगीतवर्गाला द्या."

तेव्हापासून अख्खी इमारत दरमहा वर्गणी भरते, वर्ग चालतो आणि मी गप्प बसतो. कुणाची वर्गणी थकलीच, तर गॅलरीत उभा राहून ट्रम्पेट नुसता पुसतो.

४. हा ट्रम्पेट मुलीला देता येत नाही. चारचौघांत तोंड न उघडणारी ती पोर त्याच वर्गात गायला लागली. आता वाजवतेही सुरात. ऐकण्यासाठी पैसे देण्याची या इमारतीत पद्धत नाही. सबब तो मेहुण्यास, कारण त्याला सुराचा गंध नाही. अट एकच: त्याने कुणाकडेही शिकू नये.

इथवर वाचून बायको म्हणाली, "अहो, तुम्ही बातमीला बाहेर पडलात की तो तुमचाच ट्रम्पेट घेऊन बसतो. स्वर लिहून घ्यायला पेनही तुमचंच! काल तर दंतवैद्य दार उघडं ठेवून ऐकत होते."

कलम ४ रद्द. वारसाची जागा रिकामी.

साक्षीदार: दंतवैद्य (सही करताना हसला, नोंद घ्यावी), तळमजल्यावरचा शिंपी (वर्गणी बाकी).
स्थळ: गॅलरी. दिनांक: पहिली तारीख, वर्गणीचा दिवस.
सही: वार्ताहर

सहीनंतर सुचलेले: मरणाचे मला फारसे काही वाटत नाही. पण मी गेलो की इथली शांतता फुकट होईल आणि वर्ग बंद पडेल. मग पुढचे एखादे न बोलणारे पोर कुठे जाऊन गाईल, याची मला खरोखर काळजी वाटते.