शके आठशेचा दगड

२० जुलै, रविवार

आजवर स्वतःच्या हातांनी केलेलं : ऐतिहासिक स्थळांचे पत्र्याचे फलक नऊ. त्यांचे लोखंडी खांब अठरा, वेल्डिंगसह. दोंडाईचा परिसराचा नकाशा एक, कापडावर. शिक्षण बारावी नापास; नुकसान बारावीचं.

एका फलकाला हल्ली शेळी बांधतात. दुसऱ्यावर क्लासची जाहिरात चिकटवलीय, तीत 'गॅरंटी'ची वेलांटी ऱ्हस्व. असलं गाव मला पेंटर म्हणतं. दहावा फलक लागला की म्हणणार नाही.

संकल्प : अडाण्यांशी वाद बंद. चहा दोनच.

२३ जुलै, बुधवार. सकाळी ७.१०

सापडला! मळ्याकडच्या रस्त्याला, जुन्या विहिरीशी. कोरलेला दगड. सुरुवातीला 'आठे', शेवटी 'शे', मधली दोन अक्षरं झिजलेली. आठ… शे. शके आठशे! म्हणजे इसवी सन ८७८. 'ठ'वरची मात्रा त्या काळची लकब असावी.

कोरड्या ब्रशनेच साफ केला. दगडाला पाणी लावायचं नाही, पुरावा बिघडतो. नियम माझाच.

बायकोला सांगितलं. प्रमिला म्हणाली, विहिरीला पाणी आहे का हो अजून? अकराशे वर्षं पुढ्यात ठेवली, हिला हंडा दिसला.

चहा चार. प्रसंगच तसा होता.

२९ जुलै, मंगळवार

धुळ्याच्या प्राध्यापकांना फोटो पाठवला होता. उत्तर : 'अक्षरं फार अलीकडची वाटतात. ओला करून पुन्हा फोटो काढा.' ओला करून! नोकरीतल्या माणसाला दगड आणि फरशी एकच.

उत्तर दिलं नाही. (तीन दिली. चौथं टाईप करताना ब्लॉक झालो.)

३ ऑगस्ट, रविवार

किराणावाले भिकमचंदशेठ अनावरणाला तयार. माइकवर मला 'इतिहासतज्ज्ञ' म्हणणार. 'ज्ञ' नीट यावा म्हणून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. शेठ म्हणाले, बोल देंगे पेंटरसाब.

१२ ऑगस्ट, मंगळवार

फलक उभा. अक्षर ४८ मिलिमीटर, ओळीत केसाचा फरक नाही. 'शके ८०० चा शिलालेख. स्पर्श करू नये.'

शेजारच्या मळ्यातली झुंबरबाई आली. म्हणे, 'कसाना बोर्ड शे रे भाऊ?' मी प्रमाण मराठीत पाच मिनिटं समजावलं. ती म्हणाली, 'बरं शे.' काही कळलं नाही तिला. आई अशीच बोलायची. मी उत्तर शुद्धच द्यायचो.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. दुपारी १२.४०

माणसं सव्वीस. पेढे संपेपर्यंत.

शेठ माइकवर 'इतिहासतज्ज्ञ' म्हणाले. 'ज्ञ' पक्का. तो आनंद दीड मिनिट टिकला. झुंबरबाई कळशी घेऊन पुढे आली. म्हणाली, झेंडाना दिन शे, दगड तरी धुवा. मी नको म्हणेपर्यंत ओतली.

ओल्या दगडावर मधली अक्षरं काळी उठून आली. 'पानी'.

आठे पानी शे.

म्हणजे, इथे पाणी आहे.

पोरं एका सुरात वाचायला लागली. झुंबरबाई म्हणाली, 'आरे भाऊ, बहात्तरना दुस्काळमा मना मालकनी कोरेल शे हाऊ. मांगला मंगळवारले इचारतस तं सांगी देती.' कोणीतरी मागून ओरडलं, तज्ज्ञ, तुमनी मायनी बोली शे ती! शेठना पेढ्याचा ठसका लागला. पाणी झुंबरबाईनेच दिलं.

फलकात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. हे एकाही माणसाने बोलून दाखवलं नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

डोकं दुखतंय. चहा मोजले नाहीत.

शेठचा निरोप आला. चिठ्ठीवर 'पेंटर यांस'. दुकानापुढे वडिलांच्या नावाने पाणपोई काढतायत. तोच पत्रा उलटा करायचा, पाठीवर तेवढ्याच अक्षरात लिहायचं : आठे पानी शे.

मी जाऊन सांगितलं, लिहीन, पण 'इथे पाणी आहे' असं. निदान 'पाणी'चा 'ण' तरी. शेठ म्हणाले, जसं दगडावर तसंच, गावाला तेच पाठ झालंय.

नाकारलं.

देत होते आठशे.