रुचिताच्या साखरपुड्याची चॉकलेटं

प्रिय राही,

तू माहेरी मुरबाडला गेलीस त्याला आठच दिवस झाले, पण आसनगावचं हे घर मोठं वाटायला लागलंय. काल तुझ्या नणंदेच्या, रुचिताच्या होणाऱ्या सासरची माणसं येऊन गेली. मी त्यांच्यापुढे साखरपुड्यातली उरलेली तुझी चॉकलेटं ठेवली. विहीणबाई म्हणाल्या, "दोन महिने झाले, तरी कालच केल्यासारखी!" मग मी ऐटीत तुझी रीत सांगितली. एकेक वडी कागदात गुंडाळायची, कोरड्या स्टीलच्या डब्यात घट्ट झाकायची आणि मागच्या खोलीत भाताच्या कणगीआड ठेवायची, जिथे ऊन नाही, चूल नाही. मसाल्याजवळ नको नि सुकटीजवळ तर नकोच, कारण चॉकलेटला शेजाऱ्याचा वास लगेच लागतो.

लग्न होऊन तू आलीस तेव्हा मी हसले होते. भातशेतीच्या घरात चॉकलेटं कोण करतं? पण वाफेवर चॉकलेटची लादी वितळवताना पाण्याचा थेंब आत जाऊ नये म्हणून तू श्वास धरायचीस, ते मी दाराआडून बघायचे.

साखरपुड्याच्या सकाळी दोनशे वड्यांचा डबा उघडला, तर वर पांढुरका थर आणि बोंबलाचा वास. पाहुण्या बायकांसमोर मी म्हटलं, "बुरशी आली गो! तरी सांगत होते, पेढे आणा." तू सगळ्या गेल्यावर हळूच म्हणालीस, "बुरशी नाय आई. गार डबा उबेत उघडला की दव बसतं, साखर वर येते. पण हा वास काय जायचा नाय." आणि पदर खोचलास. नवऱ्यालाच, हरेशला, शहापूरला पिटाळून नव्या लाद्या आणवल्यास. चार वाजता दोनशे वड्या तयार! संध्याकाळी म्हातारी माणसंसुद्धा बोटं चाटत होती. ही पोर माझ्याहून मोठी आहे, असं मनात आलं. तोंडातून निघालं नाही.

परवा तुझी बारकी मावशी बाजारात भेटली. तू तिकडे बायकांना चॉकलेटं शिकवतेस म्हणाली. एकीनं विचारलं, तुझी कधी बिघडली का? तर तू म्हणालीस, "एकदा. माझ्याच हातून डबा फ्रिजमदी उघडा राह्यला."

राही, तो तुझ्या हातून राहिला नव्हता. आदल्या दिवशी तू बाजारात गेलीस तेव्हा मीच तो कणगीआडून काढला नि उघडाच बोंबलाशेजारी फ्रिजमध्ये ठेवला. गार राहील, बरं राहील, असं वाटलं. पहाटे झाकण लावून गुपचूप परत जागेवर नेला. मग चारचौघींत लाज वाटली आणि तुझ्यावर ढकलून मोकळी झाले. तुला तर वासावरूनच कळलं असणार. तरी आजवर एक शब्द काढला नाहीस, उलट दोष स्वतःच्या अंगावर घेतलास. आज सकाळी घरात सगळ्यांना खरं सांगितलं. रुचिता अजून माझ्याशी बोलत नाही, आणि ते बरोबरच आहे. रविवारी पहिल्या एसटीनं मी मुरबाडला येतेय. तुझ्या त्या बायकांसमोर उभी राहून मीच सांगणार आहे. मला अडवू नकोस.

तुझीच,
सासू कमी, शिकाऊ जास्त,
संजीवनी