दाराच्या आतली ओळ

१२ जून १९३१

मादाम द व्हर्नॉयना गाडी रविवारी बुलोन्यच्या मेळ्यात, मोटारींच्या सौंदर्यस्पर्धेत, मिरवायची आहे — म्हणून आज डावं दार कसंबसं उरकलं. बिजागरीखालचं लाकूड ओलं! तळव्याला गार लागलं. मुकादम ग्रांव्हाल मानगुटीवर बसलेला: "एव्हारिस्त, दार करतोयस की लेकीचं लग्न?" मी स्क्रू आवळत राहिलो.

आतून कातडं चढण्याआधी आम्ही सुतार लाकडावर नाव-तारीख टाकतो. आज पेन्सिलीने आणखी एक ओळ लिहिली — लाकूड ओलं, स्क्रू धरणार नाहीत. माणसाला सांगायचं ते लाकडाला सांगितलं. भित्रा कुठला!

१४ जून

पहिलं बक्षीस! मादामचा झगाही गाडीच्याच मोतिया रंगाचा. मला म्हणाल्या, "किती अलगद उघडतं हो तुमचं दार!" मी टोपी काढून आभार मानले.

३ जुलै

दार निखळलं. शार्त्रच्या रस्त्यावर, भर वेगात. मादाम बाहेर फेकल्या गेल्या. जागीच गेल्या.

४ जुलै

मुकादम म्हणतो, "प्यायलेली असेल बाई, रेलली असेल दारावर. तू तोंड उघडू नकोस." घरी बायकोला, क्लेमांसला, सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली, "अहो, तुरुंगात जाल! ती ओळ खोडा."

७ जुलै

दार पोत्यात गुंडाळून आलं. उद्या विमा कंपनीचा माणूस त्याच्यासमोर कातडं काढायला लावणार — आणि काढायचं मीच, कारण दार माझं! मुकादमाने कोपऱ्यात ओढलं: "आजच भट्टीत घालू. चुकून गेलं म्हणू. तुझ्यासाठीच सांगतोय, वेड्या." ओळीचं त्याला ठाऊकही नाही, तरी माझ्यासाठी एवढा जीव टाकतो! लाज वाटली. पण कारखान्याच्या मालकाने दार कुलपात ठेवलंय.

खिशात खोडरबर टाकलंय. पाठ आडवी धरून एकदा घासलं की पुरे.

८ जुलै

कातडं काढलं. माझी ओळ होती. तिच्याखाली आणखी एक, मुकादमाच्या तिरप्या अक्षरात — "वाचलं. रविवार महत्त्वाचा. झाकून टाका."

विम्याचा माणूस मागेच उभा होता. मी बाजूला सरकलो.