न चाखलेली आमटी

आई,

आज गुरुवार. चर्चच्या हॉलमधून आत्ताच आलेय, हातांना अजून गोड्या मसाल्याचा वास आहे. इतक्या वर्षांनी कॉव्हेंट्रीला राहायला परत आले, तर तुझी रत्नागिरीची मैत्रीण, मला मावशीच असलेली खाला, दारातच म्हणाली, "आलीस? मग गुरुवारी हॉलवर ये, कांदे चिरायचेत." विचारणं नाहीच, सरळ हुकूम.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं जेवण अजून तिथेच होतं. तू हॉस्पिटलातली सुट्टी मुद्दाम गुरुवारी घ्यायचीस. तुझी आमटी, खालाची भाजी, चर्चमधल्या बाईंचं पुडिंग. तुझा गुरुवारचा कडक उपास, म्हणून आमटी चाखायची खालानं. रमजानात तिचाही रोजा, मग तुम्ही दोघी चमचा घेऊन त्या बाईंसमोर उभ्या. त्या कशालाही 'लव्हली' म्हणायच्या. तू त्यांच्या बोलण्याकडे लक्षच द्यायची नाहीस, भुवयांकडे बघायचीस. भुवया वर गेल्या की मीठ कमी. मी एकदा लाडानं तुझ्या तोंडापुढे चमचा धरला, तर केवढी ओरडलीस सगळ्यांसमोर, "माझा उपास मोडतेस?" मी रडत कोटांच्या खोलीत जाऊन बसले होते. मग तू गेलीस आणि तो गुरुवार मीच धरला. देवापेक्षा तुझ्यासाठीच. तुझं एवढं एकच माझ्याकडे चालू होतं.

पुडिंगवाल्या बाई गेल्या हिवाळ्यात वारल्या. आणि आता रमजान आलाय. स्वयंपाकाला आम्ही दोघीच; खालाचा रोजा, माझा उपास, चाखणार कोण? गेल्या गुरुवारी आम्ही मीठ अंदाजानं टाकलं. कार फॅक्टरीतून रिटायर झालेले ते आजोबा, ज्यांना तुझ्या आमटीचं वेड, त्यांनी दोन घास खाल्ले, "लव्हली, डिअर," म्हणाले आणि ताट बाजूला सारलं. आठवड्यात तेवढंच एक गरम जेवण जेवतात गं ते. मला रात्रभर चैन पडलं नाही.

आज आमटी उकळतेय, बाहेर खुर्च्या सरकल्याचे आवाज येतायत. खाला माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. मग ती म्हणते, "तुझ्या आईचा उपास तो, तू राहू दे. मी चाखते. अल्ला घेईल समजून." आणि खरोखरच चमचा ओठांपाशी नेते. जन्मात तिनं रोजा मोडला नाही, हे मला माहीत आहे. मी तो चमचा तिच्या हातातून हिसकावला आणि तोंडात घातला.

"अगं, काय केलंस हे!" खाला ओरडली, अगदी तुझ्यासारखी. मीठ कमीच होतं. मी घातलं, पुन्हा चाखलं. आजोबांनी दोनदा मागून घेतली. खाला डोळे पुसत म्हणाली, "संध्याकाळी घरी ये. रोजा सोडताना माझ्याशेजारी बस."

हा कागद तुझ्या मसाल्याच्या डब्याखाली ठेवतेय. उपास मोडला, आई, आणि तो खालासाठी मोडला असंच मी सगळ्यांना सांगणार आहे. पण तुला खरं सांगते, चमच्यावर थांबले नाही. ज्या आमटीसाठी लोक वाट बघायचे, ती फक्त गुरुवारी हॉलवरच व्हायची, आणि तू गेल्यापासून उपासापायी मी ती चाखलीच नव्हती. मीठ बरोबर पडलं, तुझी चव आली, आणि मी तिथेच उभ्या उभ्या वाटीभर प्यायले.