लालातून निळा

३ जानेवारी १९९४, सांगली
सरांनी आज स्पष्टच सांगितलं. शिष्यवृत्तीची मुदतवाढ एकालाच मिळणार — मला किंवा बिराप्पाला. मार्चपर्यंत ज्याचा स्फटिक दुप्पट लाल उजेडाला चौपट निळा उजेड देईल, तो राहील. दुसऱ्यानं गाशा गुंडाळायचा. साताऱ्याला परत जाऊन मी मास्तरकी करणार नाही. मेलो तरी नाही!

४ जानेवारी
बिराप्पा जतकडचा. घरी आधी मेंढरं होती, आता डाळिंबं. प्रयोगशाळेत दोन वर्षं आमचं टेबल एकच. एमएस्सीच्या पोरांसमोर मी त्याची नक्कल करतो — "व्हय सर, न्हाई सर." पोरं हसतात. तोही हसतो! त्याचाच जास्त राग येतो.

११ जानेवारी
पोरांना आज त्रिक अवस्था शिकवली. अँथ्रासीनच्या स्फटिकावर लाल लेझर सोडला की काही रेणू उत्तेजित होतात, पण अर्धवटच. हे त्रिक. एकट्या त्रिकात निळा उजेड देण्याइतकी ऊर्जा नसते. स्फटिकात भटकता भटकता दोघे भेटले की एक आपली सगळी ऊर्जा दुसऱ्याला देतो, आणि दुसरा निळा उजळतो. भेटीला दोघे लागतात, म्हणून लाल दुप्पट केला की निळा चौपट. मी म्हणालो, निसर्गात दयामाया नाही, एकाला विझावंच लागतं.

बिराप्पा मागून म्हणाला, "इझत न्हाई गड्या. जाग्यावर येतो. पुन्यांदा उजेड पडला की पुन्यांदा उठतो."

बरोबर होतं त्याचं. पोरांसमोर बोलायची काय गरज होती?

२ फेब्रुवारी
माल अशुद्ध असेल तर सगळं फुकट. घाणीचे रेणू त्रिकांना वाटेतच अडकवतात, भेट होतच नाही. म्हणून माल काचेच्या नळीत भरून वरून तापलेलं कडं सरकवायचं, तासाला दोन बोटं. वितळलेला पट्टा घाण ओढत शेपटाकडे नेतो. शेपूट फेकून द्यायचं. मधेच लाइट गेली की पट्टा गोठतो, मग पुन्हा पहिल्यापासून. माझ्यानं हे होत नाही. बिराप्पा महिनाभर बसलाय, दोघांच्याही वाटचं करत. मेंढरं राखायची सवय आहे त्याला — असं सगळ्यांदेखत म्हणालोसुद्धा.

१६ फेब्रुवारी
काल त्यानं माल दोन नळ्यांत भरला आणि तोंडं ज्योतीवर बंद केली. आता त्यांच्यातच स्फटिक वाढवायचे. 'क' चिठ्ठी माझ्या नळीला, कुणालचा 'क'; 'ब' त्याच्या. सरांनी बजावलं होतं, दोघांना सारखा माल. डोळ्यांना दोन्ही पांढरेच दिसतात. पण भरताना तो एकटा होता. मी असतो तर चांगला माल स्वतःला ठेवला असता. कोण नाही ठेवणार?

तो चहाला गेला तेव्हा चिठ्ठ्या बदलल्या. अर्धं मिनिटही लागलं नाही.

१७ फेब्रुवारी
झोप छान लागली.

१४ मार्च
मोजणी झाली. त्याचा स्फटिक — निळा! लाल दुप्पट केला, निळा बरोबर चौपट. माझा हिरवट, मरतुकडा. काटा हलता हलेना.

म्हणजे मी चिठ्ठ्या बदलल्याचं त्यानं पाहिलं आणि गुपचूप परत फिरवल्या! दिसतो तेवढा भोळा नाही हा. एवढा राग मला कधीच आला नव्हता.

१५ मार्च
सरळ सरांकडे गेलो. म्हणालो, बिराप्पानं चांगला माल स्वतःला ठेवला आणि घाण मला दिली. सरांनी दोन्ही स्फटिक लेझरखाली लावून पाहिले. मग त्याला बोलावलं.

तो बराच वेळ चिठ्ठ्यांकडे बघत राहिला. "चिठ्ठ्या बांधताना माजंच चुकलं आसंल, सर."

सरांचा पारा चढला. म्हणजे माल सारखा नव्हता हे कबूल करतोस? त्यानं मान खाली घातली. आजच्या आज टेबल रिकामं कर, म्हणाले. त्याचा स्फटिक मला दिला. माझं नाव घ्यायची हिंमत झाली नाही गड्याची! जिंकलो.

१६ मार्च
जतच्या एस.टी.त बसून गेला. पोरं स्टँडवर सोडायला गेली होती, मी नाही. त्यांच्याकडे त्यानं निरोप ठेवलाय — कड्याचा वेग वहीत लिहिलाय, कुणालला लागेल.

२१ मार्च
मुदतवाढीचं पत्र आलं, माझ्या नावाचं. दुपारी वेग बघायला त्याची वही उघडली. १५ फेब्रुवारीच्या पानावर लिहिलंय: "चांगला माल एकाच नळीपुरता निघाला. सगळा कुणालच्या नळीत भरला. सरांना सांगू नये, ओरडतील. माझ्या नळीत उरलेला. वेळ मिळाला तर माझ्यासाठी पुन्हा कडं फिरवीन."

कुणी बघायच्या आत पान फाडलं.